दगडी ओळखायला कोणती टेस्ट? काळी पाटी, पावडर, सीएमटी, मीटर की थेट लॅब

अडाणकाठ:
नमस्कार मंडळी. कारंजा तालुक्यातला आहे. गोठ्यात पाच संकरित गायी दुधात, शिवाय घरच्या दुधापुरती एक देशी गवळाऊ. डेअरीवर महिनाभरापासून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.१ लागतंय. फॅट जागेवर आहे, ३.७ च्या आसपास. आधी ८.५ कधी सुटत नव्हतं. केंद्रावर चार माणसांसमोर "पाणी कमी घालत जा" असं ऐकवलं. पाणी घालत नाही हे इथं सांगून कोण मानणार, पण सांगतो.

गायींकडे पाहून काहीच कळत नाही. कास मऊ, सूज नाही, दुधात गाठी नाहीत, वैरण खातात. फक्त चंद्री नावाची गाय थोडी कमी द्यायला लागली आहे. गावात आलेल्या डॉक्टरांनी कास चाचपून सांगितलं की दगडी, म्हणजे कासेचा दाह, वरून दिसत नसली तरी आत असू शकते, दूध तपासा. कशानं, हे विचारेपर्यंत ते पुढच्या गावाला निघाले होते.

मोबाईलवर शोधलं तर रंग बदलणाऱ्या पट्ट्या, जांभळं औषध आणि चार वाट्यांचं पॅडल, आकडा दाखवणारं मीटर, झालंच तर कपडे धुवायची पावडर, एवढं सगळं समोर आलं. प्रत्येक विकणारा म्हणतो आमचंच खरं. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा. दुकानाच्या लिंका टाकू नका, हात जोडतो.

कॅनवाला:
मी संकलन केंद्र चालवतो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूनं लिहितो. दुधात पाणी पडलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. तुमचं फॅट हललंच नाही, नुसतं एसएनएफ उतरलं. पाण्याचा आरोप करणाऱ्यानं आधी मागच्या स्लिपा काढून पाहायच्या होत्या.

एक काम करा. पाचही गायींचं दूध वेगवेगळ्या बाटलीत आणा, बाटलीवर गायीचं नाव. पूर्ण धार काढून झाल्यावर बादलीतलं दूध ढवळून मगच बाटली भरा, कारण पहिल्या धारेत फॅट कमी असतं आणि शेवटच्या धारेत जास्त. केंद्रावरची गर्दी ओसरली की मशीनवर लावून मागा. कोणी नाही म्हणत नाही. पाचपैकी एखादीच गाय खाली दिसली तर शोध तिथून सुरू करा, पाचही सारख्याच खाली असतील तर चाऱ्याकडे बघा. दगडीत दुधातली साखर घटते आणि मीठ वाढतं, म्हणून आमचे म्हातारे दूध जिभेला लावून सांगायचे. तुम्ही तसं करू नका, कच्चं दूध आहे.

ढोरांचा डाक्टर:
कॅनवाल्यांनी पहिली पायरी बरोबर सांगितली. पुढचं थोडं लांबेल.

टेस्ट निवडण्याआधी आपल्याला विचारायचं काय आहे ते ठरवा. आज या सडातलं दूध नासलेलं दिसतंय का? वरून चांगलं दिसणाऱ्या दुधामागं कोणत्या सडात दाह चालू आहे? तो कोणत्या जंतूमुळे, आणि त्या जंतूवर कोणतं औषध चालेल? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लोक एकाच बाटलीकडून तिन्हींचं उत्तर मागतात आणि मग टेस्ट खोटी निघाली म्हणतात.

पहिल्यासाठी काळी पाटी पुरते. तोंडावर काळं फडकं बांधलेला पेला घ्या किंवा जुनी काळी फरशी. धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा त्यावर मारा. गाठी, फुटकुळ्या, पाणचट पिवळं दूध, रक्ताची तार, सगळं काळ्यावर उठून दिसतं. गव्हाणीत किंवा जमिनीवर मारू नका, आणि तळहातावर तर अजिबात नको, कारण तोच हात पुढच्या गायीच्या सडाला लागतो. रोज करायची गोष्ट आहे, फुकट आहे. पण छुपी दगडी यात सापडत नाही, आणि गोठ्यात उघडपेक्षा छुपीच कितीतरी जास्त असते.

दुसऱ्या प्रश्नाला सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट. १९५७ मध्ये शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी ती मांडली आणि आजही गायीजवळ उभं राहून करायची तपासणी म्हटलं की हीच. कासेत दाह सुरू झाला की अंगातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. सीएमटीच्या औषधात डिटर्जंट असतं, ते या पेशी फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण घट्ट होतं. जेवढ्या पेशी जास्त तेवढं घट्ट. जांभळा रंग आम्लता दाखवायला घातलेला असतो. दूध जास्त अल्कधर्मी झालं की तो गडद होतो. पण निकाल घट्टपणावर वाचायचा, रंग नुसता सोबतीला.

पॅडलच्या चार वाट्या म्हणजे चार सडं. पहिल्या धारा टाकून द्या, मग प्रत्येक वाटीत दोन-तीन मिली दूध, तेवढंच औषध. पॅडल आडवं धरून गोल फिरवत राहा आणि दहा-पंधरा सेकंदांत वाचा. वेळ गेला की सौम्य निकाल विरून जातो. पाण्यासारखं वाहिलं तर निगेटिव्ह. थोडा तार धरल्यासारखा चिकटपणा येऊन फिरवताना नाहीसा झाला तर ट्रेस. स्पष्ट दाट झालं पण गोळा नाही तर १. लगेच घट्ट होऊन मध्यभागी जमा झालं तर २. अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा होऊन मध्ये फुगवटा आला आणि तळाला चिकटला तर ३. पेशींच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे मिलीला साधारण दोन लाखांच्या आत, १ म्हणजे चार लाखांपासून बारा लाखांपर्यंत, २ म्हणजे पन्नास लाखांपर्यंत, ३ त्याच्याही वर.

आणि दूध सडानुसारच तपासा, बादलीतलं नको. समजा तीन सडांत ६०, ८० आणि ६० हजार पेशी आहेत आणि चौथ्यात दहा लाख. चारही सडांचं दूध सारखं धरलं तर बादलीत सरासरी तीन लाख. तेच दूध प्रत्येकी ८० हजारांच्या आणखी चार गायींबरोबर कॅनमध्ये गेलं की कॅनची सरासरी सव्वा लाखाच्या आत येते. कॅन स्वच्छ, मालक खूश, आणि चौथं सड आतून सडतंय.

पूर्णाथडी:
राजेहो, एवढं महागाचं काहून घेता? कपडे धुवाची पावडर घ्या ना. म्या कईपासून तेच करून रायलो. अर्धा लिटर पान्यात पंध्रा ग्राम पावडर घोरायची. मंग जेवढं दूध तेवढंच ते पानी वाटीत टाकून हालवाचं. दूध खराब असन तं बुळबुळीत होते, चांगलं असन तं पातयच रायते. माह्या म्हशीचं असंच सापडलं होतं, वरून कास अशी का कोनी म्हनन नाई.

पन एक गोठ ध्यानात ठेवा. आमचा खारपानपट्टा. बोरचं पानी असं खारं का साबनाले फेस येत नाई. त्या पान्यात पावडर घोरली तं कधी बुळबुळीत होते, कधी होतच नाई. म्हनून आता आरोच्या कॅनचं पानी घेतो, पावसायात पत्र्याचं धरून ठेवतो. तुमच्याकडं गोडं पानी असन तं काई चिंता नाई.

पेट्रीडिश:
पूर्णाथडी भाऊंची पद्धत ऐकून हसू नका कोणी. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते, त्यामुळे थोडं पुस्तकी लिहिते. ही टेस्ट पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात नव्वदच्या दशकात बसवली गेली, सर्फ फील्ड टेस्ट याच नावानं. तीन टक्के द्रावण. भाऊंचं अर्ध्या लिटरला पंधरा ग्रॅम म्हणजे बरोबर तेवढंच. सीएमटीच्या बाटलीत जे काम डिटर्जंट करतं तेच इथं पावडर करते, त्यामुळे तत्त्व एकच.

फरक नेमकेपणात आहे. सीएमटीच्या औषधात डिटर्जंटचं प्रमाण ठरलेलं असतं. बाजारातल्या पावडरी एकसारख्या नसतात. कुणात सोडा जास्त, कुणात मूळ डिटर्जंट कमी, आणि पाकीट बदललं की ताकद बदलते. खाऱ्या-जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात, ते डिटर्जंटला अडवतात. भाऊंना आलेला अनुभव त्यातला. शिवाय पावडरीत जांभळा रंग नाही, पातळ-घट्ट एवढंच दिसतं, त्यामुळे ट्रेस आणि १ मधला फरक नव्या माणसाला पकडता येत नाही.

म्हणून एक सवय ठेवा. दर वेळी ज्या सडाबद्दल खात्री आहे त्याचं दूध शेजारच्या वाटीत घ्या. चांगल्या दुधातही चिकटपणा आला किंवा खराब माहीत असलेल्यातही आला नाही, तर दोष द्रावणात आहे.

जर्सीवाला:
मोर्शीकडचा. माझ्याकडे मीटर आहे, दुधात बुडवलं की आकडा दाखवतं. पॅडल धुवा, औषध संपलं, बाटली आणा, हा व्याप नाही. चौदा गायी आहेत, दोन वेळा धार, गडी एकच. प्रत्येक सडाला वाटी-पॅडल करत बसलो तर उजाडतं. मीटरवर चारही सडांचे आकडे पटापट घेतो, एखाद्याचा बाकी तिघांपेक्षा वेगळा आला की त्या सडावर खूण. माझ्या मते पाचाच्या वर गायी असतील तर मीटर परवडतं.

ढोरांचा डाक्टर:
जर्सीवाले भाऊ, तुम्ही चार सडांची आपापसात तुलना करता, हे सगळ्यात शहाणपणाचं. बहुतेक लोक पुस्तिकेतल्या आकड्याला धरून बसतात आणि फसतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. दाह झाला की दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतात, पोटॅशियम आणि लॅक्टोज घटतात, म्हणून दुधातून वीज जास्त वाहते. निरोगी गायीच्या दुधाची वाहकता सेंटीमीटरला साधारण ४ ते ५.५ मिलिसीमेन्स असते. पण हा आकडा जात, वेताचा काळ, पहिली धार की शेवटची, आणि मुख्य म्हणजे दुधाचं तापमान, सगळ्यावर हलतो. अंशाला जवळपास दोन टक्के फरक पडतो. डिसेंबरात पहाटे वाटीत काढून ठेवलेलं दूध गार झालं की आकडा खाली येतो आणि आजारी सड चांगलं दिसतं. स्वस्त मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती असेलच असं नाही. ताज्या दुधात लगेच बुडवा, सड बदलताना दांडी धुवा.

माझं मत, पटो न पटो. पाच गायींना सीएमटी पुरेसं आहे आणि मीटरपेक्षा जास्त भरवशाचं. चौदा गायी आणि एक गडी असेल तर मीटरनं चाळणी लावा, पण मीटरनं धरलेलं सड सीएमटीवर पक्कं केल्याशिवाय त्यात काही औषध भरू नका.

पट्ट्यांबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगतो. ब्रोमोथायमॉल ब्लूची पट्टी दुधाचा सामू (पीएच) पाहते. चांगलं दूध ६.६ ते ६.८, दगडीचं त्याच्या वर, ७ कडे. पिवळसर पट्टी हिरवी-निळी होते. खिशात मावते, पण हलकी छुपी दगडी तिच्यातून निसटते, कारण सामू फार हलायच्या आत पेशी वाढलेल्या असतात. आणि पिवळट बल्बखाली हिरवी की पिवळी यावर नवरा-बायकोचं भांडण होतं, ते वेगळं.

जर्सीवाला:
पाच गायींना नको म्हणालात ते मान्य. पण डॉक्टर, मोजूनच सांगा, सीएमटी रोज किती जण करतात? बाटली आणली, आठ दिवस केली, मग कोनाड्यात गेली. मीटर गळ्यात लटकतं म्हणून वापरलं जातं. टेस्ट किती चांगली यापेक्षा ती किती वेळा होते हे मोठं.

ढोरांचा डाक्टर:
रोज करायची नाहीच. रोज काळी पाटी. सीएमटी पंधरा दिवसांतून एकदा, दूध अचानक कमी झालं तर लगेच, आणि गाय आटवायच्या आधी हमखास. नवीन गाय घेतानाही.

कॅनवाला:
नवीन गाय घेताना हे सोन्यासारखं सांगितलं. बाजारात पॅडल काढलं की दलाल ओरडतो, "जनावर पाहा, औषधं काय दाखवता." बरेच जण कास मोठी दिसावी म्हणून धार न काढता तटवून आणतात. तटवलेली कास हातानं चाचपून काही कळत नाही. चारही सडांचं दूध तपासू देत नसेल तर गाय सोडून द्या.

वैनगंगा:
भंडाऱ्याहून लिहिते. धागा उशिरा पाहिला. माझी म्हैस व्याली आणि तिसऱ्या दिवशी सीएमटी केली तर चारही वाट्या घट्ट. घरात सगळे घाबरले. नंतर पुन्हा केली तर चारही स्वच्छ. मग आधीची खोटी कशी? म्हशीला वेगळं औषध लागतं का?

पेट्रीडिश:
ताई, औषध तेच चालतं. व्याल्यावर पहिले काही दिवस दुधात चीक असतो आणि पेशी नैसर्गिकच खूप असतात, त्यामुळे चारही सडं पॉझिटिव्ह दिसतात. आठवडाभर थांबून करा. तसंच आटत आलेल्या जनावराचं, दूध एक-दीड लिटरवर आलं की पेशी दाटतात. दोन्ही वेळी चारही सडं सारखीच असतील तर घाबरू नका. एकच सड वेगळं असेल तर मात्र लक्ष द्या.

पूर्णाथडी:
चीकाचं दूध का, मंग खरवस करून खा म्हना वैनगंगा ताईले. टेस्ट कायले पायजे.

अडाणकाठ:
सगळ्यांचे आभार, आता हिशोब देतो. गायवार बाटल्या नेल्या. एसएनएफ असं आलं: चंद्री ७.७, बाकी चौघी ८.१, ८.२, ८.२, ८.३. केंद्रवाल्यानं स्लिपा पाहिल्या आणि काही बोलला नाही. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

सीएमटीची बाटली वाशिमहून मागवली. चंद्रीचं उजवं मागचं सड सरळ २. गौरीच्या दोन पुढच्या सडांत ट्रेस. बाकी तिघी स्वच्छ. पूर्णाथडी भाऊंची पावडरही बाजूला करून पाहिली, विहिरीच्या पाण्यात, आमचं गोडं आहे. चंद्रीचं सड पावडरीनंही बरोबर पकडलं. गौरीचे ट्रेस पावडरीत दिसले नाहीत, चारही पातळच. दुसऱ्या दिवशीही तसंच. म्हणजे मोठं प्रकरण पावडर पकडते, बारीक सुटतं.

दोन प्रश्न आहेत. चंद्रीच्या एका सडानं पाचांचं एसएनएफ एवढं खाली जाईल का? आणि त्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब भरू का? मेडिकलवाला द्यायला तयार आहे.

ढोरांचा डाक्टर:
पहिल्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. चंद्री बाजूला काढली तरी उरलेल्या चौघींची सरासरी ८.२ येते, ८.५ नाही. म्हणजे अर्ध्याहून जास्त दुखणं चाऱ्यात असावं. नुसतं सोयाबीनचं कुटार आणि सरकीची ढेप चालू असेल तर ताकद कमी पडते. हिरवा चारा आणि भरड्यात थोडा मका वाढवून पाहा. ज्या सीझनला कुटारावर ढकलायचं तेव्हा कारंजा-मानोऱ्यात निम्म्या गोठ्यांचं एसएनएफ घसरतं. दगडी सापडली म्हणून सगळं खापर तिच्यावर फोडू नका.

दुसऱ्याचं उत्तर नको. निदान आज नको.

सीएमटीनं सांगितलं की तिथं दाह आहे. कोणता जंतू हे तिनं सांगितलेलं नाही, ती सांगूच शकत नाही. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिई असेल तर साध्या पेनिसिलीनच्या गटातल्या औषधानं छान बरा होतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल तर तो कासेच्या आत गाठी करून बसतो, दुधातल्या गायीत चढवलेल्या ट्यूबा बरेचदा वाया जातात, आणि हातांतून, फडक्यातून दुसऱ्या गायीला लागतो. ई. कोलाय शेणा-चिखलातून येतो, त्याची तऱ्हा तिसरीच. डोळे मिटून भरलेली ट्यूब म्हणजे पैसे गेले, ट्यूबवर लिहिलेला काळ संपेपर्यंत दूध डेअरीला घालता येत नाही, आणि जंतू औषधाला निर्ढावतो तो वेगळाच.

तुमच्या डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ ला फोन करून फिरतं पथक मागा. त्यांच्याकडून चंद्रीच्या त्या एका सडाचा नमुना लॅबला पाठवा. जंतू वाढवून कोणत्या औषधानं मरतो ते पाहतात. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था तुम्हाला जवळ, नाहीतर नागपूरचं महाविद्यालय. दोन्ही माफसूचीच, म्हणजे महाराष्ट्राच्या पशुवैद्यक विद्यापीठाची. गाय अंगानं तापली, कास गरम झाली, खाणं सोडलं तर मात्र रिपोर्टची वाट पाहायची नाही, त्याच तासाला उपचार.

गौरीला काही करू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा सीएमटी.

पूर्णाथडी:
डाक्टरसाहेब, ट्यूब नाई तं कोरफडीचा लेप तं लावता येते ना? आमच्याकडं डेअरीवाले शिकवून गेले. कोरफड, हयद आन चुना.

ढोरांचा डाक्टर:
येतो. एनडीडीबीनं, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, गावोगाव शिकवलेला लेप तो. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, मिक्सरमधून काढून पातळ करून दिवसातून बऱ्याच वेळा कासेला लावतात, दर वेळी आधीचा धुऊन. कास सुजलेली असेल तर आराम पडतो, असं लोक सांगतात आणि मीही पाहिलंय. पण लेप लावून दुसऱ्या दिवशी सीएमटी करून "गेली" म्हणू नका. ट्यूब असो वा लेप, जंतू मेले तरी पेशी खाली यायला कित्येक आठवडे लागतात. बरं झालं की नाही हे लगेच सीएमटीला विचारायचं नसतं.

जर्सीवाला:
हे मला नवीन आहे. म्हणजे उपचारानंतर आठवड्यानं मीटर जास्त दाखवतंय म्हणून मी दुसरी ट्यूब भरतो ते…

ढोरांचा डाक्टर:
ते थांबवा.

पेट्रीडिश:
नमुना कसा घ्यायचा हे लिहिते, कारण लॅबमध्ये येणाऱ्या बाटल्यांमधला मोठा वाटा शेणाच्या जंतूंनी भरलेला असतो आणि मग रिपोर्टवर "मिश्र वाढ" एवढंच येतं.

औषध भरायच्या आधी नमुना. आधीच काही दिलं असेल तर लेबलवर लिहा. सड धुऊन पूर्ण कोरडं करा, ओल्या सडावरून ओघळ बाटलीत येतो. मग ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्यानं सडाचं टोक घासा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत, दर वेळी नवा. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या. निर्जंतुक बाटली तिरपी धरा, झाकण हातातच तोंड खाली करून ठेवा, जमिनीवर नको. बाटलीचं तोंड सडाला टेकवू नका. पाच-दहा मिली पुरे. लगेच बर्फावर. २४ तासांत लॅबला पोचायला हवं. शनिवारी दुपारी पाठवू नका, रविवारी कुलूप असतं.

लेबलवर गायीचं नाव, कोणतं सड, तारीख, वेत आणि सीएमटीचा निकाल. "उजवं मागचं" असं लिहा, नुसतं "मागचं" नाही.

आणि रिपोर्ट आला, "वाढ नाही", तर लॅबला शिव्या घालू नका. दगडीच्या नमुन्यांपैकी बऱ्याच नमुन्यांत काहीच उगवत नाही. कधी शरीरानंच जंतू मारलेला असतो, कधी औषध आधी पडलेलं असतं. स्टॅफ ऑरियस तर रोज सारखा दुधात उतरतही नाही, त्यामुळे एका नमुन्यात नाही आला म्हणून तो नाहीच असं नसतं. शंका राहिली तर काही दिवसांनी दुसरा नमुना.

कॅनवाला:
रिपोर्ट येईपर्यंत चंद्रीची धार शेवटी काढा. आधी पहिल्या वेताची पहिलारू असेल तर ती, मग स्वच्छ गायी, मग गौरी, सगळ्यात शेवटी चंद्री. एकच फडकं पाचही कासांना फिरवत असाल तर आजपासून बंद. अंगठा दुमडून धार काढणारा गडी असेल तर त्याला पूर्ण मुठीनं काढायला शिकवा, नाहीतर सडाला आतून चट्टे पडतात.

वैनगंगा:
आणि धार झाल्यावर सडं आयोडीनच्या पेल्यात बुडवून लगेच वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास उघडं असतं, तेवढा वेळ जनावर उभं राहिलं पाहिजे. आमच्याकडं तणस टाकतो, तुम्ही कुटार टाका. आता पावसाळ्यात गोठ्यात नुसता गारा-चिखल आहे, बसलं की कास थेट त्यातच.

अडाणकाठ:
डॉक्टर परवा येतो म्हणालेत. निर्जंतुक बाटली तेच आणणार का मी? घरी इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आहेत, उकळून घेतल्या तर?

पेट्रीडिश:
त्यांच्याकडे असते, फोनवर एकदा विचारून घ्या. औषधाची रिकामी बाटली नकोच, आत अँटिबायोटिकचा अंश राहिला तर जंतू उगवणारच नाही आणि रिपोर्ट फुकट जाईल. त्यांच्याकडे नसली तर मेडिकलमधून लघवी तपासायची निर्जंतुक डबी घ्या, सीलबंद. सील गोठ्यातच फोडा. बर्फासाठी थर्मास चालतो. बर्फ आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर वितळलेल्या पाण्यात डबी बुडून लेबल निघून येतं.

अडाणकाठ:
डबी घेऊन ठेवतो. सकाळच्या अकोला गाडीनं पोचवीन. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.

पूर्णाथडी:
आन गौरीचं पंध्रा दिसानं काय निंगते तेबी सांगजा. पावडर लावूनबी पाहाजा, पाकीट बदलून.